समुद्राच्या घरची मिठाची बरणी

मित्रांनो, मी मिठाची एक जुनी बरणी आहे. काचेची. माझ्या खांद्यापाशी हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला आहे, त्यावरून मला कोणीही ओळखेल. माझे लाकडी झाकण केव्हाच हरवले. आता माझ्यावर स्टीलची एक वाटी पालथी घालतात. मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण आधीच सांगून ठेवते, ती फार हसवणारी नाही आणि फार रडवणारीही नाही. काच एकदा थंड झाली की तिच्यापर्यंत गोष्टी लवकर पोहोचत नाहीत. माझ्यासमोर जे घडले ते मी पाहिले आणि तेच सांगते.

माझा जन्म एका काच कारखान्यात झाला. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळतात, आणि त्यांचा मधासारखा घट्ट, लालभडक रस होतो. एका तरुण कामगाराने लोखंडाच्या लांब नळीच्या टोकावर त्या रसाचा गोळा उचलला, साच्यात सोडला आणि गाल फुगवून फुंकर मारली. त्या फुंकरीतून मला पोट आले. मग मला एका कोमट कोठीत हळूहळू निवायला ठेवले. निवताना घाई केली तर काच तडकते, म्हणून त्या कोठीत कोणी कोणाला घाई करत नसे.

तपासणीच्या टेबलावर माझा बुडबुडा दिसला. तपासनिसाने खडूने माझ्यावर फुली मारली. फुली मारलेला माल फोडून पुन्हा भट्टीत टाकायचा, असा नियम होता. तेव्हा मला फुंकणारा तो कामगार पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, ही मला द्या. बुडबुड्यातून काही मीठ गळत नाही." तपासनीस हसला. त्या संध्याकाळी मी जुन्या सदऱ्यात गुंडाळून त्याच्या घरी आले. त्याचे नवेच लग्न झाले होते आणि संसारात भांड्यांपेक्षा जागाच जास्त होती. त्याच्या बायकोने मला धुतले, उन्हात वाळवले आणि गळ्यापर्यंत मीठ भरले. ओट्यावर, चुलीच्या उजव्या हाताला, मला जागा मिळाली.

त्या कामगाराला कारखान्यात सगळे 'समुद्र' म्हणत. नाव पडायला कारण होते. भट्टीच्या तोंडाशी उभे राहणाऱ्यांच्या अंगातून घामाच्या धारा लागत. म्हणून तिथे मीठ घातलेल्या पाण्याची बादली ठेवलेली असे. बाकीचे पेलाभर पिऊन तोंड वाकडे करत. हा मात्र दुसरा पेला भरून घेई आणि वर म्हणे, "अजून मूठभर टाका रे, पाणचट लागतंय." सोबती म्हणत, याने इतक्यांचे मीठ खाल्ले आहे की बिचारा कोणाकोणाच्या मिठाला जागणार. त्यालाही ते नाव आवडत असे. घरी जेवायला बसला की भाजी चाखायच्या आधीच त्याचा हात माझ्याकडे येई.

त्याच्या बायकोला घरात सगळे 'आई' म्हणत. लेक झाल्यापासून तोही लेकीच्या देखत तिला आईच म्हणू लागला, म्हणून मीही तसेच म्हणते. आईचा हात माझ्यात दिवसातून कितीदा जाई याची मोजदाद नाही. भातात, भाजीत, अंड्यावर, माशाला चोळायला. पाहुणे येत आणि जेवणाची तारीफ करत, तेव्हा आई म्हणे की मीठ नेमके पडले की बाकीचे आपोआप जमते. ती तारीफ मी माझीच समजत असे. तुमच्यापैकी कोणी वर्गात हजेरी घेणाऱ्या बाईंच्या शेजारी बसला असेल, तर त्याला माझा तो रुबाब कळेल.

वर्षे गेली. कारखान्यात यंत्रे आली आणि तोंडाने फुंकण्याचे काम बंद झाले. समुद्राला माल बांधण्याच्या खोलीत बसवले. तिथे खुर्ची होती, पंखा होता, चहाचे यंत्र होते. भट्टीतून सुटलो, म्हणून तो खूश झाला. पण मित्रांनो, एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. घाम थांबला, मीठ थांबले नाही. उलट वाढले. कामावर खारे दाणे आले, पाकिटातले तयार सूप आले. घरी येताना तो खारवलेला मासा आणत असे. त्याचे म्हणणे असे, की मीठ म्हणजे ताकद, भट्टीवर इतकी वर्षे उभा राहिलो तो मिठाच्याच जोरावर. कारखान्याच्या दवाखान्यात रक्तदाब जास्त निघाला तेव्हा त्याला गोळ्या दिल्या होत्या. डोके दुखले की तो एक घेई, नाही दुखले की नाही. गोळ्यांची पट्टी माझ्या मागेच पडलेली असे. तिच्यावर धूळ बसे.

त्यांची लेक मोठी झाली आणि तिने केस कापायचे काम शिकून स्वतःचे दुकान टाकले. दुकानाला सुट्टी असे त्या दिवशी ती घरी येई. बाबांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून, गळ्याभोवती जुनी चादर बांधून त्यांचे केस कापी. समुद्राला दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे. लेक कात्री चालवत दुकानातल्या गमती सांगे आणि तो डोळे मिटून ऐके.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि थांबली. पापण्या सुजल्या होत्या. तिने विचारले तर तो म्हणाला, झोप जास्त झाली. केस कापून झाले, मग खाली वाकून ती त्याच्या पायांवरचे केस झटकू लागली. मोज्यांच्या काठांनी नडग्यांवर खोल वळ उमटले होते. तिने बोट दाबले. बोट उचलले तरी तिथे खळगा तसाच राहिला, मऊ मेणात राहावा तसा. लेक तिथेच फरशीवर बसली आणि बराच वेळ त्या खळग्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "उद्या मी दुकान उघडत नाहीये. बाबांना इस्पितळात नेते."

तपासण्या झाल्या. इस्पितळ मी पाहिलेले नाही. तिथले जे मला माहीत आहे ते लेकीने ओट्याला टेकून आईला सांगितलेले. माणसाच्या कमरेच्या वर, पाठीकडे, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. रक्त गाळून घाण लघवीवाटे बाहेर टाकणे आणि अंगातले पाणी व क्षार यांचा मेळ राखणे हे त्यांचे काम. ती कधी कुरकुरत नाहीत. जास्त मिठाने रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब त्यांच्यातल्या बारीक जाळ्या वर्षानुवर्षे आतून खराब करत राहतो. भट्टी बिघडली तर धूर तरी येतो. इथे धूरही येत नाही. समुद्राच्या मूत्रपिंडांचे थोडेच काम आता शिल्लक होते. गेलेले परत येणार नव्हते. राहिलेले जपायचे होते.

आई डाव हातात धरून ऐकत होती. लेकीचे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बरं." आणि भातावर झाकण ठेवले.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नीट समजावून दिले होते. मीठ अगदी बेताचे. खारे, वाळवलेले, पाकिटातले बंद. मासा आणि अंडी एकदम सोडायची नाहीत, पण सांगितली तेवढीच. फळांचे रस नकोत. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचे; कारण भाज्यांत आणि फळांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो, आणि थकलेल्या मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही. आईने हे सगळे डोक्यात बसवले. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या पातेल्यात भाज्या उकळू लागल्या आणि ते हिरवट पाणी मोरीत जाऊ लागले. वाफेने खिडकीची काच आणि माझी काच दोन्ही धूसर होत. आईचा हात माझ्यात येई तो आता चिमटीने, आणि तीही झटकून.

समुद्राला ते जेवण जाईना. भांडला असता तर बरे झाले असते, पण तो भांडलाही नाही. ताटासमोर बसे, चार घास इकडचे तिकडे करी आणि उठे. "जिभेचं चामडं झालंय," एवढेच म्हणे. तो वाळू लागला. सदरे खांद्यावरून लोंबू लागले. आई ताट उचलून मोरीशी नेई, उरलेले झाकून ठेवी, ओटा पुसे. घरात आवाज नव्हता. तुम्हाला वाटेल की मला वाईट वाटले असेल. खरे सांगायचे तर काहीच वाटले नाही. ओट्यावर पाणी सांडावे आणि ते कोणी पुसू नये, तशा त्या दिवसांचा ओलसरपणा तेवढा आठवतो.

लेकीला मात्र ते बघवेना. तिच्या दुकानात येणाऱ्या एका बाईने तिला सांगितले, की रक्तदाबवाल्यांसाठी आता वेगळे मीठ मिळते, चवीला तसेच, पण त्यातला वाईट भाग काढून टाकलेला. त्या बाईच्या नवऱ्याचा रक्तदाब त्यानेच उतरला होता. ते खोटे नव्हते. लेकीने त्याच दिवशी दुकानातून ते पाकीट आणले. माझ्यातले जुने मीठ तिने काढले, मला धुऊन कोरडे केले आणि नवे भरले. पांढरे, बारीक, वरून बघणाऱ्याला काही फरक कळू नये असे.

"बाबा, हे खा," ती म्हणाली. "याने काही होत नाही."

त्या दिवशी समुद्राने भात पुन्हा मागून घेतला. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. घरात पुन्हा जेवताना बोलणे होऊ लागले. समुद्र म्हणाला, लेकीला कात्रीबरोबर अक्कलही मिळाली आहे. मीही पुन्हा सगळ्यांच्या हातात जाऊ लागले. किती हात माझ्याकडे येतात यावर मी माझी किंमत ठरवत होते, म्हणजे मीही भोळीच. माझ्या पोटात काय भरले आहे ते मला ठाऊक नव्हते. काचेतून सगळे दिसते, पण काचेला काही कळतेच असे नाही.

काही आठवडे गेले असतील. एका सकाळी समुद्र स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि चौकट धरून उभा राहिला. पाय माझे ऐकत नाहीत, असे तो म्हणाला. ते त्याने इतक्या शांतपणे सांगितले की आईला आधी ती थट्टाच वाटली. मग तो चौकटीला घसटत खाली बसला. तोंडाभोवती मुंग्या आल्यासारखे होते आहे आणि हात जड झाले आहेत, असे सांगू लागला. चेहरा राखेसारखा झाला होता.

आईला वाटले, अशक्तपणा. मध्ये कित्येक दिवस पोटात नीट अन्न नव्हते, अंगातले मीठच कमी झाले. मित्रांनो, तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हटले असते. मी तर तिच्या हाताशीच होते. घरात लेकीच्या खाण्यासाठी आणलेली संत्री होती. आईने भराभरा दोन पिळली, रस न देण्याचा नियम तिला आठवला असेल, पण समोर माणूस फरशीवर बसलेला होता. तिने त्या रसात माझ्यातले चिमूटभर टाकले, चमच्याने ढवळले आणि ग्लास त्याच्या ओठाला लावला. त्याने अर्धा प्यायला.

शेजारचा दुकानदार धावत आला, लेकीला फोन गेला, गाडी आली. समुद्राला खुर्चीत बसवून उचलून नेले. स्वयंपाकघरात अर्धा भरलेला ग्लास, पिळलेल्या साली आणि मी, एवढेच राहिलो. माझी वाटी बाजूला पडली होती. मी दिवसभर उघडी होते.

तो वाचला. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण थोडक्यात वाचला. इस्पितळात नेले तेव्हा त्याचे हृदय थांबत थांबत चालत होते. इंजेक्शने दिली, मग यंत्राने रक्त शुद्ध करावे लागले. डॉक्टरांनी लेकीला विचारले, काय काय खातात? तिने सगळे सांगितले आणि शेवटी, जणू शाबासकी मिळेल अशा आशेने, त्या मिठाचे सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि तिला समजावून सांगितले.

ते मीठ वाईट नव्हते. ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत अशा पुष्कळांना ते चालते, कधी फायद्याचेही असते. पण त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेले असते. आणि समुद्राच्या अंगाला नेमके तेच बाहेर टाकता येत नव्हते. आई रोज ज्या भाज्यांतून पोटॅशियम उकळून मोरीत ओतत होती, त्याच भाज्यांवर मागाहून माझ्यातून ते पुन्हा घातले जात होते. रक्तदाबासाठी त्याला मिळणाऱ्या एका गोळीनेही पोटॅशियम अंगात अडून राहते. आगीतून उठून फुफाट्यात पडावे, तसे झाले होते.

लेक घरी आली आणि तिने मला मोरीत पालथे केले. सगळे मीठ पाण्याबरोबर गेले. मग घासणीने ती मला घासू लागली. माझ्यावर काही डाग नव्हता, तरी घासत राहिली. नखांच्या कडा लाल झाल्या. आई दारात उभी होती.

"मी मारलं असतं त्यांना," लेक म्हणाली.

"तू नाही," आई म्हणाली. "आहारवाल्या बाई म्हणाल्या ना, आम्ही सांगायला हवं होतं म्हणून. तुझी चूक नाही ती."

हे ती असे बोलली जसे कोणी दुकानात सुटे नाहीत म्हणून सांगावे. तिने लेकीला ग्लासाबद्दल काही सांगितले नाही. तो ग्लास तिने धुऊन फळीवर ठेवला होता, आणि त्यानंतर त्यातून कोणी पाणी प्यायलेले मी पाहिले नाही. मला खिडकीत पालथे ठेवले. तिथे मी पुष्कळ दिवस होते. माझ्यात एक माशी शिरली आणि बाहेर पडली, यापलीकडे काही घडले नाही.

समुद्र घरी आला तो अंगाने निम्मा होऊन. पण तो आता ऐकू लागला. फरशीवर बसलेली ती सकाळ त्याच्या लक्षात राहिली होती. कारखान्याने त्याला मोकळे केले. वेळ जाईना, म्हणून तो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागला आणि भाज्या चिरू लागला. आधी जाड चिरी, मग जमू लागले. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे साधेच मीठ, तेही दिवसाचे बेतून, असे ठरले. म्हणून मला खिडकीतून उचलून पुन्हा ओट्यावर आणले. सकाळीच आई त्याच्या वाट्याचे मीठ एका झाकणात काढून ठेवी. ते संपले की संपले.

आणि मित्रांनो, जीभ ही मोठी नवलाची चीज आहे. कित्येक आठवड्यांनी एकदा कोबीची उकडलेली भाजी खाता खाता समुद्र थांबला आणि म्हणाला, कोबी गोड असतो हे मला माहीतच नव्हते. पुढे त्याला भाताचाही वास येऊ लागला. इतकी वर्षे मिठाच्या पडद्याआड जे होते ते एकेक करून त्याला भेटू लागले. त्याचे ताट रिकामे होऊ लागले. इस्पितळातले आकडे खूप सुधारले नाहीत, पण घसरायचे थांबले. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राची पाळी पुन्हा कधीतरी येईल, डॉक्टर म्हणाले होते, पण ती लांबवता येईल. घरातले सगळे डोळे त्याच्या ताटाकडे होते. लेक आली की आधी ताट बघे आणि मग बाबांना.

आई त्याला वाढून झाल्यावर जेवत असे. ओट्यापाशी उभ्यानेच. तिचे जेवण मी एकटीच पाहत होते. तिचा हात माझ्यात येई तो चिमटीने नव्हे. भातावर मीठ, भाजीवर मीठ, वर बाटलीतले लोणचे, आणि त्यावर पुन्हा मीठ. चव घ्यायला ती थांबत नसे. नजर खिडकीच्या बाहेर कुठेतरी लागलेली, आणि हात चालू. तिला काही म्हणावे असे मला वाटले असेल, तरी म्हणणार कसे? मी आपली रिकामी होत होते आणि ती मला पुन्हा भरत होती.

एका दुपारी समुद्राने चिरून ठेवलेल्या गाजरांचे भांडे उचलायला हात पुढे केला आणि चुकून आईच्या ताटाला धक्का लागला. थोडा भात ओट्यावर पडला. सवयीने त्याने तो बोटांनी गोळा करून तोंडात टाकला, आणि तसाच मोरीत थुंकला. ज्या माणसाला भट्टीवरचे मिठाचे पाणी पाणचट लागत असे, त्याला तो भात गिळवला नाही.

त्याने चूळ भरली. मग खुर्ची ओढून बसला.

"हे तू रोज खातेस?"

"तोंडाला चवच नाही," आई म्हणाली. "काही घाला, मातीच लागते."

"कधीपासून?"

आईने फडके घेतले आणि ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता. ती एकाच जागी गोल गोल पुसत राहिली.

"तुम्हाला तो ग्लास दिला ना मी," ती म्हणाली, "तेव्हापासून."

समुद्र खुर्चीवरून उठला. त्याने काही समजूत घातली नाही. 'तुझा काय दोष' असे म्हणाला नाही. बहुतेक त्याला कळले होते की ते तिने स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिले आहे. त्याने तिच्या हातातले फडके काढून घेतले.

"उद्या माझ्या तपासणीला तूही चल. तुझीही करून घेऊ."

"मला काय धाड भरलीये?"

"धाड भरल्यावर काय होतं ते मी बघितलंय. चल."

दुसऱ्या दिवशी दोघे गेले. परत आले तेव्हा लेकही दुकान बंद करून बरोबर आली होती. आईचा रक्तदाब चांगलाच चढलेला निघाला, आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती. म्हणजे तिच्याही मूत्रपिंडांवर ओझे पडायला सुरुवात झाली होती. पण सुरुवातच. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. गोळी नियमाने घेतली आणि मीठ आवरले तर पुष्कळ सावरता येईल. रात्री झोप लागत नाही, चव लागत नाही, हेही समुद्राने त्यांना सांगितले, आईने सांगितले नाही तेव्हा. त्यावर बोलायला त्यांनी मनाच्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. आई म्हणाली, जाईन.

घरी आल्यावर आई सवयीने ओट्याकडे वळली. समुद्राने तिला खुर्चीकडे बोट दाखवले. ती बसली. त्या खोलीत इतकी वर्षे काढून, दुसरे कोणी रांधत असताना बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. लेक पुढे होऊन पातेले घेऊ लागताच समुद्राने तिलाही बाजूला केले. भट्टीवर वितळलेली काच फिरवणारा माणूस तो, पण गॅसची ज्योत किती ठेवावी हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने कोबी उकळला, पाणी ओतले, तेलात लसूण टाकला आणि कोबी वर घालून ढवळायचे विसरला. माझ्यात चिमूट घातली, ती झटकली आणि माझ्यावर वाटी ठेवून मला वरच्या फळीवर सरकवले, आईचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी. मग तिघांची ताटे वाढली. सगळ्यांत सारखेच.

आईने घास घेतला. चावत राहिली. लेक तिच्याकडे बघत होती, समुद्र ताटात बघत होता.

"करपलंय," आई म्हणाली.

"काय?"

"कोबी. खाली लागलाय. करपट लागतोय मला." तिने दुसरा घास घेतला, जिभेवर घोळवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आवाज न करता, जसे पातेल्याच्या झाकणाच्या कडेने येते. "लसूण बरा पडलाय," ती म्हणाली.

समुद्र म्हणाला, "मग खा." तिने ताट संपवले.

मित्रांनो, त्यालाही आता काही काळ लोटला. मी अजून वरच्या फळीवरच आहे. दिवसातून एकदा कोणीतरी मला खाली घेते, थोडेसे काढते आणि परत ठेवते. पूर्वीसारखी माझी वाहवा होत नाही, आणि ती व्हावी असे मला वाटतही नाही. मीठ खाऊच नका असे मी सांगत नाही. मीच मिठाची बरणी, मी कसे सांगू? बेताने घ्या. घाम गाळत नसाल तर घाम गाळणाऱ्याइतके खाऊ नका. पाकिटातल्या चमचमीत गोष्टींत मीठ दिसत नाही, पण असते, आणि ओट्यावर असते त्यापेक्षा जास्त असते. आजाऱ्याच्या ताटात कोणाच्या सांगण्यावरून नवी वस्तू घालण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, मग ती वस्तू प्रेमाने आणलेली का असेना. आणि आणखी एक. घरात कोणी आजारी पडले की सगळे जण त्याच्या ताटाकडे बघतात, ते बरोबरच आहे. पण जो रांधतो आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्याउभ्या जेवतो, त्याच्या ताटातही एकदा डोकावून बघा. त्याला बसायला सांगा, आणि तो काय खातोय ते विचारा.